पाच वायरी, एक मल्टिमीटर आणि आजीच्या ओव्या

प्रश्न (सांगली): सर नमस्कार. पुण्याच्या जुन्या बाजारातून मी टेपरेकॉर्डरची एक मोटर आणलीये, विकणारा म्हणाला जपानी स्पूल मशीनमधली आहे. लेबल घासून गेलंय, फक्त ५०/६० एवढंच वाचता येतं. पाच वायरी बाहेर आल्यात, काळी, लाल, पांढरी, निळी, पिवळी. कंडेन्सर सोबत नाही. गंमत म्हणजे बाहेरचं भांडंच फिरतं आणि आतला भाग स्थिर राहतो. घरी वडिलांचं स्पूल मशीन आहे, त्याची मोटर गेलीये, आणि आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांच्या तीन स्पुली आहेत, आजी आता नाही. ही मोटर सिंक्रोनस आहे का हे कसं ओळखायचं आणि वायरी कशा जोडायच्या? आमचा वायरमन म्हणतो दोन दोन वायरी मेनला लावून बघू, कुठल्यातरी जोडीवर फिरेलच.

उत्तर: सगळ्यात आधी वायरमनला थांबवा. चांगला माणूस असेल, पण ही पंख्याची मोटर नाही. अशा मोटरला दोन वायरी लावून बघू म्हणणं म्हणजे काय होतं ते मी स्वतःच्या हाताने बघितलंय. खूप वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जपानी मशीन आलं, मागच्या पट्टीवर स्पष्ट २२० व्होल्ट लिहिलेलं, म्हणून मी मोटर बाहेर काढून थेट २३० वर लावली. दोनएक मिनिटं छान फिरली, मग वार्निशचा तो गोडसर जळका वास आला आणि बटण बंद करेपर्यंत वाइंडिंग गेलं होतं. नंतर सर्किट बघितलं तर मशीनच्या ट्रान्सफॉर्मरवर १०० व्होल्टचा टॅप, म्हणजे मधून काढलेलं टोक, होता आणि मोटर त्या टॅपवर चालायची. २२० हे मशीनचं होतं, मोटरचं नाही. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, त्यामुळे तिथल्या बऱ्याच कंपन्या मोटर १०० व्होल्टचीच गुंडाळायच्या आणि परदेशी मालात फक्त ट्रान्सफॉर्मर बदलायच्या. म्हणून जपानी मोटर हातात आली की ती १०० व्होल्टची आहे असंच धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत.

लेबलवरच्या ५०/६० ने पण फसू नका, त्याचा अर्थ दोन्ही फ्रीक्वेन्सीवर चालते एवढाच, दोन्हीवर सारख्या स्पीडने चालते असा नाही.

आता ओळख. सिंक्रोनस मोटर म्हणजे विजेच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेली मोटर, व्होल्टेज थोडं खालीवर झालं तरी तिचा स्पीड हलत नाही. टेपरेकॉर्डरमध्ये कॅपस्टन, म्हणजे टेप पुढे ओढणारा दांडा, फिरवायला ती याचसाठी वापरत, कारण टेप एका सेकंदात १९.०५ सेंटीमीटर पुढे गेली पाहिजे म्हणजे गेलीच पाहिजे, नाहीतर गाणाऱ्याचा सूर हलतो. चांगल्या मशीनमध्ये यातली हिस्टेरिसिस जातीची मोटर असायची, म्हणजे रोटरला (फिरणाऱ्या भागाला) ना तांब्याच्या तारा ना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, नुसती कडक पोलादाची गुळगुळीत रिंग. तुमच्या मोटरचं बाहेरचं भांडं फिरतं ही फार चांगली खूण आहे. ही पद्धत जर्मनीच्या पाप्स्ट कंपनीने गाजवली, रेव्हॉक्स या स्विस कंपनीच्या सुरुवातीच्या मशीनमध्ये त्यांच्याच मोटरी होत्या, आणि पुढे जपान्यांनीही तशा बनवल्या. जड भांडंच फिरतं म्हणजे तेच फ्लायव्हील झालं, टेप थरथरत नाही.

भांडं हाताने फिरवून बघा. अगदी मऊ, एकसारखं फिरत असेल, मध्ये मध्ये अडखळत नसेल तर ते हिस्टेरिसिस असू शकतं किंवा साधं इंडक्शन, म्हणजे फ्रीक्वेन्सीपेक्षा थोडी मागे घसरणारी मोटर, असू शकतं. ठराविक ठिकाणी टकटक अडत असेल तर आत पक्कं मॅग्नेट आहे. आत डोकावता आलं आणि तिरप्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसल्या तर बहुतेक इंडक्शन, पण तशा पट्ट्या असून रोटरवर खाचा किंवा सपाट कापे असतील तर ती रिलक्टन्स जातीची सिंक्रोनस असू शकते. आणि स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) दातांवर जाड तांब्याची कडी बसवलेली दिसली, वायरी फक्त दोन, तर ती शेडेड पोल मोटर. स्वस्तातल्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये असते ती. तिला कंडेन्सर लागत नाही आणि ती सिंक्रोनसही नसते. पण खात्रीचा पुरावा मोटर फिरायला लागल्यावरच मिळतो, तो पुढे सांगतो, त्यात मजा आहे.

आधी मल्टिमीटर घ्या, ओहमवर लावा. मोटर कशालाही जोडलेली नको. पहिल्यांदा प्रत्येक वायर आणि मोटरची बॉडी यात बघा, काहीही दाखवता कामा नये. जवळपास कुणाकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर त्याने बघितलेलं उत्तम, एक मेगओहमच्या खाली आलं तर ती मोटर मेनला लावायची नाही. ओल धरली असेल तर ६० वॅटच्या बल्बजवळ दोन दिवस ठेवा आणि परत मोजा, पुष्कळदा सुधारते.

मग पाच वायरींच्या दहा जोड्या होतात, त्या दहाही मोजून कागदावर लिहा. कंटाळा करू नका, सगळं उत्तर या कागदावर आहे. माझ्या टेबलावर आत्ता अशीच एक पाच वायरींची मोटर आहे, तिचे आकडे देतो. काळी-लाल ९२ ओहम, काळी-पांढरी ९२, काळी-निळी ११८, काळी-पिवळी ११८. लाल-पांढरी १८४, निळी-पिवळी २३६. आणि लाल किंवा पांढरी एका बाजूला, निळी किंवा पिवळी दुसऱ्या बाजूला धरली की चारही वेळा २१०. आता बघा, काळीपासून सगळे आकडे लहान आहेत आणि बाकीचे सगळे आकडे त्या लहान आकड्यांच्या बेरजा आहेत, ९२ अधिक ९२ म्हणजे १८४, ११८ अधिक ११८ म्हणजे २३६, ९२ अधिक ११८ म्हणजे २१०. म्हणजे काळी कॉमन, सगळ्यांची सामाईक. लाल-पांढरी ही एका स्पीडची जोडी, निळी-पिवळी दुसऱ्या स्पीडची. ही दोन स्पीडची मोटर आहे, एकाच स्टेटरवर दोन वेगळी गुंडाळणी, बहुतेक एक ४ पोलची (पोल म्हणजे चुंबकीय ध्रुव) आणि एक ८ पोलची. तुमच्या मोटरचे रंग आणि आकडे वेगळे निघतील, पण गणित हेच करायचं. सहा वायरी असत्या आणि तीन-तीनचे दोन गट एकमेकांशी अजिबात बोलत नसते तर कॉमनही दोन वेगळे असते. आणि एखाद्या जोडीत दोन आकडे सारखे नसून एक लहान एक मोठा निघाला तर लहानवालं बहुतेक वेळा मेन वाइंडिंग असतं आणि मोठंवालं कंडेन्सरचं.

याच आकड्यांवरून व्होल्टेजचाही अंदाज येतो. तेवढ्याच ताकदीची मोटर २३० ऐवजी १०० व्होल्टसाठी गुंडाळली तर तिचा ओहम साधारण पाचव्या हिश्शावर येतो. वीस-तीस वॅटच्या कॅपस्टन मोटरला काही शे ओहम लागले तर २३० ची शक्यता, आणि शंभरच्या आसपास किंवा खाली आले तर १०० ची. हा अंदाज आहे, पुरावा नाही, म्हणून सुरुवात नेहमी कमी व्होल्टेजवर.

आता कंडेन्सर. या मोटरी सिंगल फेजवर चालतात पण आत चुंबकीय क्षेत्र गोल फिरायला दोन वाइंडिंगमध्ये करंट पुढेमागे लागतो, ते काम कंडेन्सर करतो. म्हणून कंडेन्सर हा मोटरचाच भाग समजा, तो नसेल तर मोटर अर्धी आहे. जोडणी सोपी: मेनच्या दोन वायरी काळी आणि लालला, कंडेन्सर लाल आणि पांढरीच्या मध्ये. उलटं फिरवायचं असेल तर कंडेन्सर आहे तिथेच ठेवायचा आणि मेनची वायर लालवरून काढून पांढरीवर लावायची. बस एवढंच. त्या वेळी निळी आणि पिवळी मोकळ्या राहतील, त्यांच्या टोकांवर टेप गुंडाळा, कारण कॉमनमधून त्यांनाही व्होल्टेज आलेलं असतं. दोन्ही स्पीडची वाइंडिंग एकाच वेळी कधीही चालू करायची नाहीत.

कंडेन्सर कुठला? छताच्या पंख्याचा. खरंच सांगतो, इलेक्ट्रिकच्या दुकानात २.५, ३.१५, ४ एमएफडीचे (मायक्रोफॅरडचे) ४४० व्होल्ट एसीचे मिळतात तेच इथे लागतात, कारण पंखा याच मोटरचा चुलत भाऊ आहे, बाहेरचं भांडं फिरणारा आणि कायम कंडेन्सरवर चालणारा. ४४० बघून घ्या, कारण कंडेन्सरवर मेनपेक्षा जास्त व्होल्टेज चढतं, २३० च्या मोटरवर सव्वातीनशे सहज. ॲम्प्लिफायरमधला प्लस-मायनसवाला इलेक्ट्रोलिटिक इथे चालणारच नाही, तो फुटतो. आणि जुन्या मशीनमधला मूळचा पत्र्याचा तेलकट कंडेन्सर मिळाला तरी वापरू नका, १९८० च्या आधीच्या अशा डब्यांत पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं, गळत असेल तर हातही लावू नका, पिशवीत बांधून बाजूला ठेवा. नवीन कंडेन्सरलाही काम झाल्यावर दोन्ही टोकांवर एखादा दहा किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर टेकवून डिस्चार्ज करायची सवय लावा.

पहिल्यांदा चालू करताना २३० वरून ११० करणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, अमेरिकेच्या मिक्सरसाठी लोक वापरतात तसला, पण दोन वेगळी वाइंडिंग असलेला, ऑटो, म्हणजे एकाच वाइंडिंगवाला, नको. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर त्याच्याही आधी हा लावा. मोटरची बॉडी अर्थ करा. सिरीजमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. २.५ चा कंडेन्सर लावून स्विच टाका. बल्ब मंद लागला आणि भांडं हळूहळू वेग घेऊ लागलं तर ठीक. बल्ब ११० वर पेटतो तेवढा पूर्ण पेटला तर बंद करा आणि कागद परत बघा. चांगली चालली तर बल्ब काढा, व्होल्टेज शंभरच्या आसपास ठेवा. थंड मोटर उठायला फार वेळ घेत असेल तर ३.१५, मग ४. जास्त झाला की मोटर गुरगुरते आणि तापते, मग एक पायरी मागे या. तासभर चालल्यावर भांड्यावर हात ठेवून पाच-सहा सेकंद राहता आलं पाहिजे. गरम होणारच, या मोटरी गरमच चालतात, पण हात झटकन मागे घ्यावा लागला तर व्होल्टेज किंवा कंडेन्सर जास्त आहे.

आणि आता तो पुरावा. भांड्याच्या कडेला व्हाइटनरचा एक छोटा ठिपका लावा, खोलीतले बाकीचे दिवे घालवा आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटच्या उजेडात मोटर चालवा. टेस्टरमधल्या निऑनचा उजेडही चालतो, पण तो फार मंद असतो, अगदी जवळ धरावा लागतो. ५० हर्ट्झवर हे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण ठिपक्याला कळतं. मोटर सिंक्रोनस असेल तर एका ठिपक्याचे अनेक ठिपके होऊन गोलात जागच्या जागी थांबलेले दिसतील, आणि जितके ठिपके तितके पोल. चार दिसले तर ४ पोल, म्हणजे मिनिटाला १५०० फेरे. आठ दिसले तर ८ पोल, ७५० फेरे. दोनच दिसले तर ३०००. ठिपके हळूहळू मागे सरकत राहिले तर मोटर साधी इंडक्शन आहे, थोडी घसरते, १५०० ऐवजी १४४० वगैरे. मी किती वर्षं हे करतोय तरी ते चार पांढरे ठिपके हवेत गोठल्यासारखे उभे राहिले की आजही बघत बसतो. मग अंगठ्याने हलकंच दाबा, ठिपके किंचित कलतात पण धरून राहतात, फारच दाबलं की सुटतात आणि सोडलं की परत थांबून उभे राहतात, दर वेळी त्याच जागी असतील असं नाही. ही हिस्टेरिसिसची सही.

तुमच्या मशीनला ही मोटर बसेल का हे शाफ्ट ठरवणार. मोटरचा शाफ्टच कॅपस्टन असेल तर १९.०५ च्या स्पीडला ७५० फेऱ्यांवर त्याचा व्यास ४.८५ मिलिमीटर हवा, १५०० वर त्याच्या निम्मा. व्हर्नियरने मोजा. पट्टा असेल तर जुन्या मोटरचे फेरे आणि पुलीचा व्यास जुळला पाहिजे. हे जुळेपर्यंत आजीची स्पूल चढवू नका, आधी बाजारातली कुठलीही रद्दी टेप लावून बघा.

प्रश्न (नाशिक): माझ्या मशीनची मोटर नुसती हम करते, बोटाने धक्का दिला की ज्या बाजूला धक्का देईन त्या बाजूला फिरते. मोटर जळाली का?

उत्तर: नाही, जळालेली मोटर दोन्ही बाजूंना आनंदाने फिरत नाही. कंडेन्सर गेलाय किंवा त्याची वायर सुटलीये, शंभरात नव्वद वेळा एवढंच असतं. मूळच्या कंडेन्सरवर आकडा लिहिलेला असेल तेवढाच नवीन आणा, सुधारणा म्हणून मोठा लावू नका. नवीन कंडेन्सरनेही उठली नाही तर वाइंडिंगचं एक टोक तुटलंय का मीटरने बघा, आणि मग बेअरिंग. बुश ब्राँझचा सच्छिद्र असतो, तेल पिऊन ठेवतो, चाळीस-पन्नास वर्षांत ते तेल चिकट डिंक होतं. जुनं तेल पेट्रोलने नीट धुवून काढा, खिडकी उघडी ठेवून, पूर्ण वाळू द्या आणि चांगलं हलकं टर्बाइन किंवा स्पिंडल ऑइल दोन थेंब. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो महिनाभर छान वाटतो आणि मग बुश कोरडा पडतो. खोबरेल तेल तर अजिबात नाही, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मोटरी खोबरेलानेच अडकलेल्या असतात.

प्रश्न (ठाणे): मामांनी अमेरिकेहून आणलेलं मशीन ११० च्या ट्रान्सफॉर्मरवर चालतं पण त्यांच्या तिथे रेकॉर्ड केलेल्या मैफलीच्या टेप जड, रेंगाळलेल्या वाजतात. ट्रान्सफॉर्मर बदलून किंवा पंख्याचा रेग्युलेटर लावून स्पीड जुळवता येईल का?

उत्तर: नाही येणार, आणि हे समजून घ्या म्हणजे पैसे वाचतील. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, आणि सिंक्रोनस मोटर फक्त फ्रीक्वेन्सीचं ऐकते. स्पीड सहापैकी पाच हिस्से उरतो, म्हणजे सूर पेटीच्या तीन पट्ट्यांहून (काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून) थोडा जास्त खाली येतो. काळी दोनमध्ये गाणारा माणूस पांढरी एकच्याही किंचित खाली ऐकू येतो, लयही तेवढीच ढिली. रेग्युलेटर लावला तर मोटर पकड सोडेल आणि स्पीड डळमळेल, बरोबर कधीच होणार नाही.

मशीन उघडून मोटरच्या पुलीकडे बघा. जपानी मशीन असेल तर पुष्कळदा पुलीवर दोन पायऱ्या असतात, एक ५० ची एक ६० ची, कारण जपानमध्येच पूर्वेकडे टोकियोला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ओसाकाला ६० हर्ट्झ आहे, कंपनीला घरच्याच गिऱ्हाइकासाठी ही सोय करावी लागायची. पट्टा मोठ्या पायरीवर सरकवला की झालं. काहींना कंडेन्सरचा टॅपही बदलावा लागतो, मागे किंवा आत ५०-६० असा स्विच शोधा. पायरी नसेल तर १.२ पट व्यासाची पुली लेथवर करून घेता येते, पण लेथवाला बारीक काम करणारा हवा, पुली एक केसभर जरी वाकडी फिरली तरी सूर थरथरतो. ५० वर चालवायचंच असेल तर व्होल्टेज ११७ ऐवजी ९८-१०० ठेवा, नाहीतर मोटरचं लोखंड भरून जातं आणि ती तापते, आणि कंडेन्सर साधारण १.४४ पट करा, २.५ असेल तर ३.५ च्या आसपास. घरच्या स्वस्त इन्व्हर्टरवर तर मुळीच चालवू नका, त्याची चौकोनी वेव्ह या मोटरींना सोसत नाही.

नुसत्या टेप कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील तर मशीनला हातच लावू नका. आहे त्या स्पीडला वाजवून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये चेंज स्पीड (नव्या आवृत्तीत चेंज स्पीड अँड पिच) करून २० टक्के वाढवा, चेंज पिच किंवा चेंज टेम्पो नाही, स्पीडच. वरच्या स्वरांची झळाळी थोडी इकडेतिकडे होते, ती इक्वलायझरने कानाला बरी वाटेल तशी करा. खात्रीसाठी तानपुऱ्याचा षड्ज पेटीशी लावून बघा. फक्त एक तपासा, मामांनी भारतात आल्यावर याच मशीनवर काही रेकॉर्ड केलं असेल तर ते ५० वरच रेकॉर्ड झालंय, या मशीनवर ते बरोबर वाजेल आणि त्याला २० टक्के वाढवलं तर उलट बिघडेल. म्हणून प्रत्येक खोक्यावर पेन्सिलने लिहून ठेवा, ही टेप तिकडची की इकडची.